खलनायकाची सावत्र आई

चीनमध्ये इंटरनेटवर क्रमशः चालणाऱ्या कादंबऱ्यांत परकायाप्रवेशाच्या गोष्टींचं पीक मोठं आहे. त्यातला एक घरगुती प्रकार मुख्यतः बायका वाचतात. साचा ठरलेला असतो. आजच्या शहरातली एखादी बाई स्वतः वाचलेल्या कादंबरीतच जाऊन पडते आणि जागी होते ती त्यातल्या दुष्ट सावत्र आईच्या देहात. घरात दोन-तीन उपाशी पोरं. त्यातला थोरला पुढे क्रूर सत्ताधीश होऊन आपलाच जीव घेणार, हे तिला ठाऊक असतं. ती चूल पेटवते, अंडं फेटून वाफवते, वाटी त्याच्यापुढे सरकवते. केसांवरून हात फिरवायला जावं तर पोरगा दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतो. पुढची शेकडो प्रकरणं जेवणखाण, फाटके कपडे, अक्षरओळख, खोटं बोलणं आणि माफी मागणं यांवरच चालतात.

निव्वळ विरंगुळा म्हणून या गोष्टी बाजूला सारल्या जातात, आणि ते मला पटत नाही. मूल वाईट निघालं तर त्याचा जाब मोठ्यांना विचारायचा, हा या गोष्टींचा कणा आहे. प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्सियसच्या आईने मुलाला चांगला शेजार मिळावा म्हणून तीनदा घर बदललं, ही कथा चीनमध्ये पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. या कादंबऱ्यांत घर, गरिबी, गाव सगळं तेच राहतं. बदलते ती आई. तेवढ्यानेच खलनायकाचं भविष्य पुसलं जातं. ‘द स्टोरी ऑफ मिंगलान’ या 2018 च्या गाजलेल्या मालिकेचंच पाहा. मूळ कादंबरीत न्यायालयातली एक आधुनिक कारकून तरुणी एका मोठ्या घरातल्या दुर्लक्षित चिमुरडीच्या देहात येते. मालिकेने परकायाप्रवेश पार काढून टाकला. आजीने त्या पोरीला जवळ घेऊन शहाणं केलं, ते मात्र ठेवलं. चमत्कार वगळूनही गोष्ट उभी राहिली, कारण तिचा जीव त्या संगोपनातच होता.

यावर पहिला आक्षेप असा, की सावत्र आईची ही माया स्वतःचा जीव वाचवण्यासाठी आहे. सुरुवातीला ती तशीच असते. चांगल्या लेखिका ते लपवत नाहीत. पोरगाही ओळखून असतो आणि कित्येक प्रकरणं विश्वास टाकत नाही. रोज एक-दोन प्रकरणं लिहायची आणि प्रकरणागणिक पैसे घ्यायचे, ही या व्यवसायाची रीत. तिच्यामुळे कादंबऱ्या अवाच्या सवा लांबतात. पण इथे ती लांबी कामाची ठरते, कारण दुखावलेल्या मुलाचा विश्वास चार पानांत परत मिळाला तर वाचकाला तो खोटाच वाटेल.

दुसरा आक्षेप जड आहे. ज्या स्पर्धेने आजचे चिनी आईबाप पिचलेत, तिचाच इथे गौरव होतो. 2024 मध्ये गाओकाओ या प्रवेशपरीक्षेसाठी 1 कोटी 34 लाख मुलांनी नाव नोंदवलं. जुलै 2021 मध्ये सरकारला शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बंदी घालावी लागली. आणि कादंबरीतला थोरला काय करतो? 1905 मध्ये रद्द झालेल्या राजदरबारी परीक्षेत झळकतो. म्हणजे आईच्या मायेची पावती शेवटी निकालपत्रकावरच मिळते. या प्रकाराची ही खरी कमजोरी आहे. ज्या कादंबऱ्यांत धाकट्याला पुस्तकात गोडी नाही आणि त्याला मन लावून सुतारकाम शिकू दिलं जातं, त्या मला म्हणूनच अधिक प्रामाणिक वाटतात.

दुसरी कमजोरी बापाची. तो बहुधा सरहद्दीवर लढत असतो आणि पोरं माणसात आल्यावर परततो. 2016 मध्ये चीनमध्ये सुमारे 1 कोटी 78 लाख मुलं जन्मली, 2023 मध्ये 90 लाख. मधल्या काळात, 2021 मध्ये, तीन मुलांची परवानगीही मिळाली होती. या घसरणीची कारणं अनेक आहेत, पण संगोपनाचं ओझं एकट्या बाईवर पडणं हे त्यातलं एक नक्कीच. मुलाच्या वागण्याचा जाब मोठ्यांना विचारणाऱ्या या कादंबऱ्या तो जाब आईलाच विचारतात. बापालाही त्या चुलीपाशी बसवतील, तेव्हाच त्यांचं म्हणणं पुरं होईल.