परदेशातली डिग्री झाली, आता पुढे काय? इरावती कर्व्यांची नऊ वर्षं आणि आपले नव्वद दिवस

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. विषय आहे परदेशात शिकताना करिअरची वाट कशी शोधायची.

पुण्यातून मास्टर्सला गेलेल्या मुलामुलींशी बोललं की सुरुवातीचे दोन महिने गप्पा असतात घरभाडं, थंडी आणि कुकरच्या शिट्ट्यांच्या. मग हळूच खरा प्रश्न येतो : "हे शिकून मी नक्की करणार काय?" डोक्यावर कर्ज असतं, रविवारी व्हिडिओ कॉलवर आईबाबा विचारतात, आणि आपल्यालाच उत्तर माहीत नसतं.

हा प्रश्न काही आजचा नाही. आपल्या पुण्याच्याच इरावती कर्व्यांचं बघा. शाळा हुजूरपागा, फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानात बीए, मग मुंबईत डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्रात एमए. १९२८ साली त्या बर्लिनला निघाल्या. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य दिलेला माणूस, पण सुनेनं परदेशी जाणं काही त्यांना पसंत नव्हतं. पती दिनकर मात्र ठाम पाठीशी होते. पैशांसाठी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतलं. म्हणजे कर्ज काढून परदेशी जाणं तेव्हाही होतंच!

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते युजेन फिशर. वंशानुसार माणसाच्या कवटीच्या ठेवणीत फरक असतो आणि त्यावरून युरोपीय वंश श्रेष्ठ ठरतो, असं त्यांचं मत. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशाशी काही संबंध दिसला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. विचार करा, परका देश, अंगावर कर्ज, आणि ज्याच्या हातात डिग्री त्याच्याच मताच्या विरुद्ध निष्कर्ष! तरी डॉक्टरेट मिळाली.

१९३० मध्ये त्या परत आल्या. पण मानवशास्त्रातल्या डॉक्टरेटला साजेशी जागा काही तयार नव्हती. त्यांनी मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात रजिस्ट्रारचं काम केलं, म्हणजे प्रशासनाचं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या रुजू झाल्या १९३९ साली. परतल्यापासून नऊ वर्षांनी! तिथून पुढे गावोगाव फिरून माणसांची मोजमापं, नातेसंबंधांचा अभ्यास, १९५३ चं भारतातल्या नातेसंस्थेवरचं पुस्तक, आणि नंतर 'युगान्त'.

यातून आपल्याला काय घेता येईल? एक, डिग्रीचं नाव म्हणजे करिअर नव्हे. बाईंनी बर्लिनहून कवट्यांचा विषय आणला नाही, तर पद्धत आणली : आधी मोजा, मग बोला. तुमच्या कोर्समधून असं कुठलं कौशल्य हाताला लागतंय, ते दर सेमिस्टरला लिहून काढा. दोन, मधली नोकरी म्हणजे हरणं नाही.

पण एक मोठा फरक आहे. इरावतीबाई मायदेशी परतल्या, त्यामुळे त्या नऊ वर्षं थांबू शकल्या. तुम्हाला तिथेच राहून काम शोधायचं असेल, तर व्हिसाचं घड्याळ चालू असतं.

अमेरिकेत शिक्षण संपल्यावर ओपीटीचे १२ महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानातल्या ठरावीक विषयांना आणखी २४. पण पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. आणि ओपीटीचा अर्ज कोर्स संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, हे अनेकांना उशिरा कळतं. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं. ब्रिटनमध्ये सध्या दोन वर्षं मिळतात, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच (पीएचडीवाल्यांना तीन वर्षं). हे नियम बदलत राहतात, म्हणून एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर विसंबू नका. सरकारी वेबसाइट आणि विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय, दोन्हीकडे स्वतः विचारा.

मग करायचं काय? पहिल्याच सेमिस्टरला करिअर सेंटरमध्ये जा. तिथे जायला नोकरीची वेळ यावी लागत नाही. आपल्या विषयातले दोन वर्षं पुढचे पाच सीनियर शोधा. त्यांना "रेफरल द्या" म्हणू नका, "तुमचा दिवस कसा जातो?" हे विचारा. कुठलं काम आपल्याला झेपेल आणि आवडेल, याचा अंदाज तिथूनच येतो.

आणि परतीचा हिशोब आधीच मांडा. पुण्यात याच कामाला पगार किती, हप्ता किती, तो कधी सुरू होतो, किती महिने निभेल. हा आकडा कागदावर असला की परत येणं हा एक पर्याय वाटतो, नामुष्की वाटत नाही. आणि मग मिळेल ती पहिली नोकरी घाबरून धरायची वेळ येत नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी आईबाबांनी विचारलं, तर "बघू" म्हणू नका. हा कागद त्यांना कॅमेऱ्यासमोर धरून दाखवा. उत्तर पूर्ण नसेल, पण शोध सुरू आहे हे त्यांनाही दिसेल. भेटू पुढच्या भागात!