बर्फात उभा राहणारा माड

रमजानमध्ये इफ्तारला खाल्लेल्या खजुराची बी ओल्या कापडात गुंडाळून उबदार जागी ठेवली की काही आठवड्यांत तिला मोड येतो. घरात लहान मुले असली की हा उद्योग एकदा तरी होतोच. विलायतेत राहणाऱ्या आपल्या कोकणी कुटुंबांतही तो होतो. पण तिथे मोड आल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो, हे रोप लावायचे कुठे?

आमची धाकटी नणंद बर्मिंगहॅमला असते. तिचे सासरे साठच्या दशकात रायगड जिल्ह्यातले गाव सोडून तिकडे गेले. आता वय ऐंशीच्या पुढे, गुडघे थकलेले, गावी येणे होत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचा परसू दिसतो, तिथे एक माड असावा एवढीच त्यांची इच्छा. दोन वर्षांपूर्वी घरच्यांनी एका दुकानातून कुंडीतला लहानसा नारळ आणला. तो नोव्हेंबरात गेला. मग खजुराची रोपे बाहेर लावली, ती फेब्रुवारीत गेली. तेव्हा नणंदेचा फोन आला, "भाबी, तुमच्याकडे पुस्तके असतात, बघून सांगा ना. अब्बांना अजून एक झाड मरताना दाखवायचे नाही." त्या फोनपासून आम्ही या विषयात पडलो. असाच प्रश्न आणखी काही घरांतही असेल, म्हणून जे हाती आले ते इथे मांडत आहोत.

आधी नारळाचे. त्याला बारा महिने ऊब लागते. हवा आणि माती दोन्ही थंड झाली की तो वाढायचा थांबतो, आणि दहिवर गोठले की मरतो. कुंडीत रोप, वर काच, खोलीत हीटर असे करूनही तो सहसा एक-दोन वर्षांपलीकडे जात नाही, कारण हिवाळ्यात तिकडे ऊन नसते आणि हीटरची हवा कोरडी असते. दुकानदार हे सांगत नाहीत.

खजूर नारळापेक्षा कणखर आहे. वाळवंटातल्या रात्री थंड असतात, त्यामुळे मोठे झाड थोडा वेळ शून्याखालचे तापमानही सोसते. पण ती थंडी कोरडी असते. इंग्लंडची थंडी ओली, आणि तिथेच खजूर हरतो. फळाची तर आशाच नको. खजूर पिकायला लांब, कडक आणि कोरडा उन्हाळा हवा. आपल्या कच्छमध्येसुद्धा पावसाच्या भीतीने फळ पूर्ण पिकण्याआधीच, पिवळे-लाल असताना उतरवावे लागते. जूनच्या सुमारास मुंबईच्या बाजारात ती ताजी खारीक दिसते. मग बर्मिंगहॅमचे काय विचारावे!

युरोपात खजुराने बाग धरली ती स्पेनच्या एल्चे शहरात. दहाव्या शतकाच्या अखेरीस, अंदलुसच्या मुस्लिम राजवटीत, तिथे कालवे काढून खजुराची आखीव लागवड झाली. आजही तिथे दोन लाखांच्या आसपास झाडे आहेत आणि २००० साली युनेस्कोने त्या बागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याच्याही आधीची एक हकीकत इतिहासात सांगितली जाते. दमास्कसहून जीव वाचवून आलेला आणि ७५६ साली कुर्तुबाचा अमीर झालेला अब्दुर्रहमान अव्वल याने आपल्या रुसाफा बागेतल्या एका खजुराला उद्देशून शेर रचले होते, की तूही माझ्यासारखाच परदेशी. परमुलखात आपल्या गावचे झाड पाहावेसे वाटणे हे काही आजचे नाही. पण अब्दुर्रहमानला उन्हाळा अनुकूल होता. एल्चे साधारण ३८ अंश उत्तरेला आहे आणि बर्मिंगहॅम साडेबावन्न अंशांवर.

वर्गात अक्षांश शिकवताना आम्ही मुलांना नकाशावर बर्मिंगहॅमवरून पश्चिमेकडे बोट न्यायला सांगतो. बोट समुद्र ओलांडून कॅनडातल्या लॅब्राडोरला लागते, जिथे कित्येक महिने बर्फ हलत नाही. ब्रिटनमध्ये तसे होत नाही, कारण अटलांटिकमधला उबदार प्रवाह आणि पश्चिमेकडून येणारे वारे. म्हणून तिथला हिवाळा लांब असतो, अंधारा आणि ओला असतो, पण भयंकर गोठवणारा क्वचितच. या हवामानात जगेल असा माडाच्या कुळातला वृक्ष आहे का? आहे, आणि तो चीनच्या डोंगरांतला आहे.

इंग्रजीत त्याला चुसान पाम म्हणतात, शास्त्रीय नाव ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनाय. पाने ताडासारखी, पंख्याच्या आकाराची. खोड एकच, सरळ, आणि त्यावर तपकिरी काथ्याचा जाड थर, जणू झाडाने घोंगडी पांघरली आहे. चीनमध्ये या काथ्याच्या दोऱ्या वळत, झाडू करत आणि शेतकरी पावसात अंगावर घ्यायचे झगेही विणत. आपल्याकडे इरले होते तसे. जर्मन वैद्य सीबोल्ड याने १८३० साली जपानमधून त्याच्या बिया युरोपात पाठवल्या. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माणसाला तो चुसान बेटावर दिसला, आणि त्याने पाठवलेली रोपे १८४९ मध्ये लंडनच्या क्यू बागेत पोचली. हाच फॉर्च्यून ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपे हिमालयात घेऊन आला होता. म्हणजे आपल्या सकाळच्या पेल्याशीही त्याचा थोडा संबंध आहे.

जमिनीत नीट मूळ धरलेला चुसान उणे १२ ते उणे १५ अंशांपर्यंतची थंडी सोसतो. त्याच्या पंख्यांवर बर्फ साचलेले चित्र प्रथम पाहताना खोटेच वाटते.

त्याचा एक भाऊबंद आपल्याच देशात आहे हे आम्हालाही नवे होते. कुमाऊँच्या हिमालयात, पिथौरागढजवळच्या थलकेदार डोंगरावर, सुमारे दोन हजार मीटरच्या वर ट्रॅकीकार्पस टाकिल नावाचा ताड जंगलात उगवतो. तिथे हिवाळ्यात बर्फ पडते. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ बेक्कारी याने १९०५ मध्ये त्याला हे नाव दिले. तोडीमुळे आता रानात त्याची थोडीच झाडे उरली आहेत. आपल्या शालेय पुस्तकांत हिमालय म्हटले की देवदार आणि चीड एवढेच येते, या ताडाला एक ओळही मिळत नाही.

आता मुख्य गोष्ट. आंब्याची एक फांदी वाळली तर दुसरी फुटते. माडाच्या कुळात तसे नसते. सारे झाड वरच्या एका कोंबावर जगते, तो गेला की झाड गेले. कोकणात हे कोणाला सांगायला नको. गेंड्या भुंगा किंवा सोंड्या कोंबाशी शिरला की उभा माड कसा बसतो ते सर्वांनी पाहिलेले असते. थंड मुलखात भुंग्याचे काम पाणी करते. पावसाचे किंवा वितळलेल्या बर्फाचे पाणी कोंबाच्या पोटात उतरते, रात्री गोठते, पेशी फुटतात आणि तिथे कूज लागते. झाड बाहेरून हिरवेच दिसते, आणि मार्चमध्ये मधले न उमललेले पान हातात निघून येते. म्हणून रोप निवडताना "किती अंश सोसते" एवढेच विचारून भागत नाही. थंडी कोरडी की ओली, किती दिवस सलग, आणि रोप किती वयाचे, हेही पाहावे लागते. २०१० चा डिसेंबर ब्रिटनमध्ये शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर ठरला. त्या हिवाळ्यात हौसेने लावलेले कॅनरी बेटांवरचे खजूर ठिकठिकाणी मेले, पण चुसान बहुतेक तगले.

बाजारात आणखी दोन-तीन नावे कानावर येतील. भूमध्य समुद्राकाठचा बुटका ताड, शामेरोप्स, चांगला. तो झुडपासारखा अनेक खोडांनी वाढतो, त्यामुळे एक कोंब गेला तरी बाजूचे राहतात. थंडी चुसानपेक्षा थोडी कमी सोसतो. इटलीतल्या पादुआच्या बागेत १५८५ साली लावलेला एक आजही काचघरात जिवंत आहे. अमेरिकेतला सुई-ताड उणे २० च्याही खाली टिकतो म्हणून पुष्कळ जाहिरात होते. पण त्याला उन्हाळा कडक लागतो. इंग्लंडच्या कोमट उन्हात तो वर्षानुवर्षे वीतभरच राहतो. कॅनरी खजूर लंडनमध्ये किंवा दक्षिण किनाऱ्यावर ठीक, आत मिडलँड्समध्ये पैसे घालवू नयेत. आणि टॉर्कीच्या समुद्रकाठी किंवा स्कॉटलंडच्या प्लॉक्टन गावात जे 'पाम' दिसतात, ते मुळात पामच नाहीत. ती न्यूझीलंडची कॉर्डिलाइन. झाड छान आहे, थंडीने वरून मेले तरी बुडातून फुटते, पण ते माडाचे नातेवाईक नव्हे.

आम्ही नणंदेला चुसानच सुचवला. अब्बांनी पानांचे चित्र पाहून आधी नाक मुरडले, "हा तर ताड. माडाची झावळी अशी असते का?" म्हणणे खरेच आहे. पण खोडावरचा काथ्या पाहून जरा राजी झाले.

लागवडीचे आता सांगतो. रोप गुडघाभर उंचीचे घ्यावे. पुरुषभर उंचीची झाडे फार महाग असतात, आणि नवी जागा धरायला त्यांना वेळ लागतो. शिवाय मोठी झाडे परदेशातून आणण्याच्या नादात आपल्याकडच्या सोंड्या भुंग्याने भूमध्य समुद्राच्या देशांतले हजारो खजूर खाल्ले आहेत. लावायचे मे-जूनमध्ये, म्हणजे थंडीपूर्वी मुळांना पूर्ण उन्हाळा मिळतो. घराच्या दक्षिणेकडची विटांची भिंत मिळाली तर सोन्याहून पिवळे. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. माडाच्या मुळ्या दोरीसारख्या बारीक राहतात, जाड होऊन पायाला धक्का देत नाहीत, म्हणून थोडे जवळ लावले तरी भीती नाही. वाऱ्याची जागा मात्र टाळावी, पंखे फाटून चिंध्या होतात. परसू फारच वारेकरी असेल तर याच जातीतला आखूड, ताठ पानांचा वॅग्नेरियानस हा प्रकार घ्यावा.

इंग्लंडची चिकणमाती पाणी धरून ठेवते. खड्डा रुंद करून तळाची माती भुसभुशीत करावी, जाड वाळू-खडी मिसळावी, आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन बोटे उंच बसवावे. खोड पुरू नये. उन्हाळ्यात पाणी भरपूर द्यावे. हे झाड थंडीचे आहे म्हणून कोरडे ठेवण्याचा प्रकार आम्ही ऐकला, तो चुकीचा. चांगले खत-पाणी मिळाले तर ते वर्षाला वीतभर उंच होते.

भाड्याच्या घरात कुंडीशिवाय इलाज नसतो. तिथे लक्षात ठेवायचे ते एवढेच की पानांपेक्षा मुळे नाजूक असतात आणि कुंडीतली माती चहूबाजूंनी गोठते. कुंडीला गोणपाट गुंडाळून ती भिंतीशी आणावी.

आणखी एक. नर आणि मादी झाडे वेगळी असतात, खजुरासारखीच. दोन्ही जवळ असली तर मादीला निळसर काळ्या फळांचे घोस लागतात, आणि पक्षी बिया पसरवतात. स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात हा ताड असाच बागेतून रानात शिरला आणि तिथली झाडे दाबू लागला. शेवटी सप्टेंबर २०२४ पासून त्या देशाने त्याची विक्रीच बंद केली. तिकडे कोणी नातलग असतील तर त्यांना हा सल्ला देऊ नका. इतर ठिकाणी फुलोरा फळ धरण्याआधी कापला की झाले.

पहिले दोन हिवाळे झाडाला सांभाळावे लागते. उणे पाचच्या खाली जाईल असे हवामान खाते सांगू लागले की पाने वर गोळा करून सैल बांधावीत, कोंबाभोवती कोरडा पेंढा घालावा आणि बागेसाठी मिळणारे पांढरे विरळ कापड गुंडाळावे. प्लास्टिक कधीच नको, आत घाम धरून कूज लागते. वरून पाऊस अडेल असे काहीतरी छपरासारखे ठेवले तर उत्तम. थंडीची लाट ओसरली की लगेच सोडावे. नोव्हेंबरात बांधून मार्चपर्यंत विसरून जाणे हे न बांधण्यापेक्षा वाईट.

मार्चमध्ये मधला कोंब दोन बोटांत धरून हलकेच ओढून पाहावा. घट्ट असेल तर झाड सुखरूप आहे. सुटून आला तर झाड लगेच उपटू नये. कुजलेला भाग काढून टाकावा, आतले पाणी टिपून घ्यावे, मिळाल्यास तांबेयुक्त बुरशीनाशक घालावे आणि वरून पाऊस पडू न देता जुलैपर्यंत वाट पाहावी. पुष्कळदा त्या पोकळीतून अर्धे कापल्यासारखे, वाकडे पान बाहेर येते. ते कापू नये, त्याच्या मागचे दुसरे-तिसरे पान नीट येते.