लोखंडाला सगळं आठवतं

जुनी अमेरिकन गाडी म्हटलं की डोळ्यांपुढे मस्टँग येते, नाहीतर पाँटिॲक जीटीओ. नाशिक परिसरातल्या हौशी माणसाच्या हाती खरोखर लागू शकणारी जुनी अमेरिकन गाडी मात्र वेगळीच आहे, ती म्हणजे जीप. एका बाजूला देवळालीची छावणी आणि तिथलं तोफखान्याचं स्कूल, दुसऱ्या बाजूला सातपूरचा महिंद्राचा कारखाना. या जिल्ह्याचं जीपशी नातं जुनं आहे. पण समोर उभी असलेली ‘विलीस’ खरंच विलीस आहे का, आणि तिची किंमत कशी ठरवायची? या प्रश्नाचं उत्तर गाडीच्याच लोखंडात लिहिलेलं असतं, आणि ते वाचता येतं.

१९४० मध्ये अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रोब्स्टच्या आराखड्यावरून पहिला नमुना ४९ दिवसांत तयार करून दिला. पण लष्कराला गाड्या लाखोंनी हव्या होत्या. त्यामुळे मोठं काम विलीस आणि फोर्ड या कंपन्यांकडे गेलं. विलीसची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू मिळून दुसरं महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बाहेर पडल्या. दोन्हींचा आराखडा एकच, कारण रणांगणावर एकीचा सुटा भाग दुसरीला बसलाच पाहिजे, ही अट होती. युद्ध जिंकायला मदत करणारी ही अट आज गिऱ्हाइकाची खरी परीक्षा घेते. ऐंशी वर्षांत कुठल्या गाडीचं काय कुठल्या गाडीत गेलं, हे नुसतं पाहून कळत नाही.

सुरुवात तोंडापासून करावी. युद्धकाळातल्या जीपच्या जाळीला नऊ फटी असतात. १९४५ पासून आलेल्या नागरी सीजे मॉडेलला सात. हेडलाइटजवळची खिटी सोडून पाहा. लष्करी जीपचा दिवा मागे उलटा फिरतो आणि इंजिनावर उजेड पाडतो. रात्री दुरुस्ती करणाऱ्या जवानाचा विचार तिथे एका बिजागरीत बसवलेला आहे! पेट्रोल भरण्यासाठी ड्रायव्हरची सीट उचलावी लागते, कारण टाकी तिच्याखाली आहे. मग खाली वाकून चासीचा पुढचा आडवा दांडा पाहा. विलीसचा गोल नळीचा असतो, फोर्डचा उलट्या पन्हळीसारखा. फोर्डने तर बोल्टच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ अक्षर उमटवलं होतं. तारेच्या ब्रशने ग्रीस खरवडल्यावर नखाएवढ्या बोल्टवर ते अक्षर वर येतं, तेव्हा अंगावर काटा येतो. डावीकडचं स्टिअरिंग मात्र पुरावा धरू नका. महिंद्रानेही डाव्या स्टिअरिंगच्या जीप बनवल्या.

‘लो बोनेट’ म्हणजे बुटक्या नाकाची जीप आणि ‘हाय बोनेट’ म्हणजे उंच नाकाची; या भेदामागेही शुद्ध अभियांत्रिकी आहे. युद्धकाळातल्या २.२ लिटर ‘गो डेव्हिल’ इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच बसवलेले. त्यामुळे इंजिन बुटकं, ताकद ६० अश्वशक्ती. पुढच्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले. श्वास मोकळा झाला, ताकद वाढली, पण इंजिन उंच झालं. ते झाकायला १९५३ च्या सीजे-३बीचं बोनेट वर उचलावं लागलं. महिंद्राने १९४९ मध्ये मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली होती, आणि पुढे हीच उंच नाकाची सीजे-३बी भारतात घडत राहिली. म्हणून रस्त्यावर हाय बोनेट जास्त दिसते आणि लो बोनेटला भाव जास्त मिळतो. पेट्रोल परवडेना तसं अनेकांनी मूळ इंजिन उतरवून डिझेल चढवलं; प्यूजोच्या परवान्याने बनलेलं एक्सडीपी त्यात हमखास भेटतं.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट, नंबर. अमेरिकेत जीटीओसारख्या ताकदवान ‘मसल कार’ची किंमत इथेच ठरते. १९६४ च्या जीटीओत ६.४ लिटरचं, ३२५ अश्वशक्तीचं इंजिन होतं, पण ती कागदोपत्री साध्या गाडीवर घेतलेला एक पर्याय होती. त्या वर्षीच्या चासी नंबरवरून ती जीटीओ आहे हे कळतच नाही; कारखान्याच्या नोंदी तपासाव्या लागतात. जीपची गंमत आणखी वेगळी. फोर्डच्या जीपीडब्ल्यूवर चासी आणि इंजिनाचा नंबर कारखान्यातून एकच यायचा. विलीसच्या एमबीवर दोन्ही नंबर मुळातच वेगळे असायचे. म्हणजे ‘नंबर जुळत नाहीत’ ही फोर्डच्या बाबतीत खोट आहे आणि विलीसच्या बाबतीत नाही. फोर्डचा नंबर चासीच्या डाव्या दांड्यावर थेट ठोकलेला असतो. विलीसचा छोट्या पट्टीवर असतो, म्हणून तिथे पट्टीइतकेच तिचे रिव्हेटही नीट न्याहाळावेत.

आणि कुणी ठोकलेला नंबर घासून टाकला तर? इथे लोखंडाचा चमत्कार दिसतो. पंचाचा घाव बसतो तेव्हा अक्षराच्या खाचेखालचं पोलादही दाबलं जातं, त्याच्या स्फटिकांची रचना विस्कटते. वरची खाच कानशीने सपाट केली तरी खालचा हा दबलेला भाग उरतो. तांब्याचं क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं द्रावण त्यावर चोळलं की दबलेला भाग आजूबाजूच्या पोलादापेक्षा वेगळ्या वेगाने झिजतो आणि पुसलेला आकडा पुन्हा उमटू लागतो. चोरीच्या वाहनांचे नंबर न्यायसहायक प्रयोगशाळांमध्ये असेच वाचले जातात. अर्थात घासणाऱ्याने फार खोल घासलं तर ही आठवणही जाते. आपण आम्लाच्या भानगडीत पडू नये. कागद ठेवून पेन्सिलने चासी नंबरची छाप घ्यावी. आकडे एका ओळीत आहेत का, खोली सारखी आहे का, भोवती कानशीचे ओरखडे किंवा वेल्डिंगचा टाका आहे का, हे भिंगातून पाहावं. शंका आली तर व्यवहार तिथेच थांबवावा.

मग पत्रा. कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टीचा थर आहे. फरशीच्या खालच्या पन्हळी तर आवर्जून तपासा. मूळ जीपमध्ये मजबुतीसाठी त्यांत लाकडाच्या पट्ट्या भरलेल्या होत्या. लाकूड पाणी धरून ठेवतं, आणि पत्रा आतून सडत जातो. वरून चकचकीत दिसणारी जीप इथे बोट लावताच भुगा होऊ शकते.

कागदपत्रांना २०२१ पासून नवं वजन आलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या वाहनाला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षं चालते. अट मात्र कडक आहे. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. आणि अशी गाडी रोज वापरायची किंवा धंद्याला लावायची मुभा नाही.

म्हणूनच भाव करण्याआधी आपल्याला काय हवंय ते ठरवावं. प्रदर्शनात आणि रॅलीत न्यायची असेल तर मूळ इंजिन, मूळ चासी आणि स्वच्छ कागद यांना पैसे मोजा. रंगाला मोजू नका, तो कधीही देता येतो. मळ्यात वापरायची असेल तर डिझेल चढवलेली, पण घट्ट चासीची महिंद्रा उत्तम, आणि तिची किंमत तशीच लावा. महिंद्रा असणं हा कमीपणा नाही. या देशाने स्वतः गाड्या घडवायला शिकण्याचा इतिहास तिच्यात आहे. फसवणूक होते ती एका गाडीवर दुसरीचं नाव चढवल्यावर. फोर्ड असेल तर फोर्ड, विलीस असेल तर विलीस, महिंद्रा असेल तर महिंद्रा, आणि तिघींचे भाग एकत्र आले असतील तर तसं स्पष्ट सांगून विकलेली जीप कुणालाही निर्धास्तपणे घेता येते.