पंक्चर एकाचे, खोळंबा साऱ्यांचा

दहा-बारा जण मिळून सायकलींवर दोन दिवसांच्या प्रवासाला निघाले, की एक गोष्ट धरूनच चालावी. वाटेत कोणाची ना कोणाची सायकल बिघडणारच. आपल्या साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असतात. दहा सायकलींच्या झाल्या ७२०. शिवाय वीस टायर, वीस ट्यूब, दहा साखळ्या. एवढ्या पसाऱ्यात एकाही वस्तूने कुरकुर करू नये, ही अपेक्षाच जास्तीची. मग काय, निघायचंच नाही? छे! निघायचं, पण बिघाड झाल्यावर कोणी काय करायचं, हे घरूनच ठरवून निघायचं.

उदाहरणादाखल आपल्या पालघर जिल्ह्यातलीच वाट घेऊ. डहाणूहून निघावे, आशागड-गंजाडवरून चारोटीला यावे, तेथून महामार्गाने उत्तरेला तलासरी गाठावी आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेला उतरून बोर्डी-घोलवडच्या किनाऱ्याने डहाणूस परतावे. नकाशावर ही वाट छोटी दिसते. पण तिच्यात रस्त्याचे तीन प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचा बिघाड निराळा.

गंजाडकडचा रस्ता चढउताराचा. तिथे पायडलवर जोर पडतो. क्रँकची कॉटर पिन सैल असेल तर पाय मारताना ‘कट् कट्’ आवाज येऊ लागतो. उतारावर ब्रेकचे रबर झिजलेले असले की जिवाशीच गाठ. चारोटीपासून तलासरीपर्यंतचा रस्ता म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्ग. पूर्वीचा आठ नंबरचा, आताचा ४८. ट्रकचे टायर फुटून त्यांतल्या पोलादी तारांचे बारीक तुकडे रस्त्याच्या कडेला पडलेले असतात, आणि सायकलवाला जातो तो नेमका कडेनेच. ही तार केसाएवढी असते. डोळ्यांना दिसत नाही, ट्यूबला मात्र बरोबर सापडते. किनाऱ्याला वाळू आणि खारा वारा. साखळीला तेल जास्त झाले तर वाळू चिकटते, मुळीच नसले तर गंज चढतो. म्हणून प्रत्येक कडीवर एकच थेंब सोडावा आणि वरचे तेल फडक्याने पुसून टाकावे.

आता मुख्य गोष्ट. सर्वांत चांगला दुरुस्ती करणारा गडी टोळीच्या पुढे नव्हे, शेवटी असावा; आणि पंप, पाने, ट्यूब ही त्याच्याजवळच असावीत. कारण उघड आहे. ज्याची सायकल बिघडते तो आपोआप मागे पडतो. पंप घेऊन पुढे गेलेला माणूस दोन मैलांवर जाऊन पोचला, तर त्या पंपाचा उपयोग काय? पुढे असावा तो दमाने कमी असलेला, पण वाट माहीत असलेला गडी. त्याच्या चालीने सगळे चालले म्हणजे कोणी तुटत नाही. मधल्या प्रत्येकाने आपल्या मागच्यावर नजर ठेवायची. तो दिसेनासा झाला की शिटी वाजवायची. शिटी पुढे पुढे जात पहिल्यापर्यंत पोचते.

बिघाड झाला की सगळ्यांनी भोवती कोंडाळे करू नये. महामार्गाच्या कडेला दहा पोरे आणि दहा सायकली उभ्या करणे हे पंक्चरपेक्षा मोठे संकट. सायकल आधी रस्त्यापासून दूर, झाडाखाली न्यावी. बिघडलेल्याजवळ दोघांनी थांबावे. बाकीच्यांनी पुढच्या ठरलेल्या ठिकाणी, नाक्यावर किंवा शाळेच्या आवारात, जाऊन थांबावे. एकट्याला मागे सोडायचे नाही, मग तो कितीही ‘मी येतो, तुम्ही व्हा पुढे’ म्हणो. अंधार पडताना महामार्गावर एकटा राहिलेला मुलगा हा सहलीचा खरा अपघात. ट्यूब फुटणे हा नव्हे.

दुरुस्तीचेही दोन भाग करावेत. रस्त्यावर ट्यूब बदलावी, पंक्चर मुक्कामी काढावे. ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. काटा किंवा तार असेल तेथे कापसाचे धागे अडकतात. बोट फिरवू नये. तार बोटात शिरते. ती तार चिमट्याने काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली, तर पुढच्या मैलावर पुन्हा तोच खेळ. मुक्कामी बादलीभर पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे पाहावेत, ती जागा पुसून, वाळवून पॉलिश पेपरने घासावी, सोल्युशन लावावे आणि ते सुकत येईपर्यंत पाच मिनिटे स्वस्थ बसावे. घाई करून ओल्या सोल्युशनवर चिकटवलेले ठिगळ निसटते.

टायरलाच चीर पडली तर आतून जुन्या टायरचा तुकडा किंवा जाड कापडाची घडी लावावी, म्हणजे ट्यूब बाहेर फुगत नाही. एखादी तार तुटली तर ती शेजारच्या तारेला गुंडाळून टाकावी, तिच्या दोन्ही बाजूंच्या तारा अर्धा फेरा सैल कराव्यात. चाकाचा आऊट बराच निघतो. मग त्या सायकलीवरचे सामान दुसऱ्यांनी वाटून घ्यावे. साखळी तुटली तर जोडायला एक जादा लॉक जवळ असावे. लॉक बसवताना त्याचे बंद टोक साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवावे, नाहीतर ते अडकून उडते. आणि ट्यूबही संपल्या, सोल्युशनही संपले तर? भाताच्या प्रदेशात आहोत आपण! पाड्यावर विचारून पेंढा घ्यावा, टायरमध्ये ठासून भरावा आणि हळूहळू पुढचे गाव गाठावे.

निघण्यापूर्वी एक यादी जरूर करावी : कोणाच्या चाकाचा आकार कोणता, व्हॉल्व्ह कोणता. गिअरच्या नव्या सायकलींची ट्यूब २८ इंची काळ्या सायकलीला चालत नाही, आणि पंपाचे तोंडही निराळे लागते. प्रत्येक आकाराच्या दोन ट्यूब घ्याव्यात. तलासरीला रेल्वे स्टेशन नाही, हेही ध्यानात असू द्यावे. सायकल अगदीच मोडली, तर टेंपोने डहाणू रोड किंवा घोलवड स्टेशन गाठावे लागेल. तेवढे पैसे वेगळे बांधून ठेवावेत.

१९१३ साली फ्रान्समधल्या प्रसिद्ध सायकल-शर्यतीत युजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा डोंगरात मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरांहून अधिक चालला, खालच्या खेड्यातल्या लोहाराच्या भट्टीवर गेला आणि स्वतःच्या हाताने चिमटा सांधला. पण भाता एका मुलाने फुंकला, म्हणून त्याला दंड झाला! शर्यतीचा नियम तो. सहलीचा नियम नेमका उलटा : इथे भाता फुंकायला चार जण धावलेच पाहिजेत.

आपल्या मुंबईचेही उदाहरण आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून मार्च १९२८ मध्ये परत आले. बाकीचे तिघे निरनिराळ्या टप्प्यांवर वेगळे झाले. सायकली सांधता येतात. साडेचार वर्षे माणसे सांधून ठेवणे अवघड असते.

शिक्षकांना एवढेच सांगायचे. याच डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शंख-शिंपले अशा हाताशी असलेल्या वस्तूंनी मुलांना शिकवले. सायकलही हाताशी असलेली वस्तू आहे. सहलीआधी एका शनिवारी शाळेच्या अंगणात प्रत्येक मुलाकडून, आणि मुलीकडूनही, चाक काढवून घ्या, ट्यूब बदलवून घ्या, पुन्हा बसवून घ्या. ज्याला पंक्चर काढता येते तो दुसऱ्याच्या पंक्चरवर चिडत नाही. बाह्या सरसावून खाली बसतो. अशी दहा मुले तयार झाली, की तलासरीची वाट खुशाल धरावी.