वरचा अंक खाली उतरला तर…

रक्ततपासणीच्या अहवालात प्लेटलेट्सची संख्या पुष्कळदा दहाच्या घाताच्या रूपात दिलेली असते. दर मायक्रोलिटरमागे १५० गुणिले दहाचा तिसरा घात, म्हणजे दीड लाख, ही प्रौढांमधील सामान्य पातळीची खालची मर्यादा. आरोग्यविषयक माहितीच्या पानावरील ही ओळ उचलून मोबाइलच्या संदेशात चिकटवली, की दहाच्या डोक्यावरचा तीन अनेकदा खाली उतरतो आणि ‘१५० × १०३’ एवढेच उरते. गुणाकार केल्यास उत्तर येते १५,४५०. डेंग्यूच्या दिवसांत ज्याच्या प्लेटलेट्स चाळीस हजारांवर घसरल्या आहेत, त्यालाही ‘आपण मर्यादेच्या आत आहोत’ असा खोटा दिलासा या ओळीतून मिळू शकतो. अंक सगळे तेच असतात. त्यांतील एकाची केवळ जागा बदललेली असते.

ओळीच्या वर चढवलेल्या लहान अंकाला वा अक्षराला सुपरस्क्रिप्ट आणि खाली उतरवलेल्याला सबस्क्रिप्ट म्हणतात. छापील पुस्तकात जुळारी ही जागा एकदा निश्चित करी आणि ती तशीच राहत असे. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर मात्र सतत प्रवास करतो. त्याची नक्कल होते, तो शोधयंत्रात जातो, दृष्टिबाधितांसाठी यंत्राकडून मोठ्याने वाचला जातो. या प्रवासात जागेचा अर्थ हरवतो.

रसायनशास्त्रातील सल्फेट आयनाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी चार हा अणूंचा आकडा असतो आणि डोक्यावर दोन हा ऋण विद्युतभार. दोन्ही एका ओळीत आले, की ‘४२’ होतात आणि गंधकाच्या एका अणूला ऑक्सिजनचे बेचाळीस अणू चिकटतात. तळटिपांचे क्रमांकही असाच घोटाळा करतात. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. या आकड्याला दुसऱ्या क्रमांकाची तळटीप जोडलेली असेल आणि ती ओळीत उतरली, तर स्वल्पविराम नव्याने पडून तोच आकडा १,४५,८५,४५२ होतो. साडेचौदा लाखांचे राज्य क्षणात जवळजवळ दीड कोटींचे होते.

अंक वर-खाली बसवण्याच्या मुख्य रीती दोन. पहिली, संकेतस्थळाच्या एचटीएमएल भाषेतील ‘सुप’ आणि ‘सब’ या खुणा. अंक साधाच राहतो आणि त्याने कुठे बसावे हे खूण सांगते. दुसरी, युनिकोडमधील तयार चिन्हे, ज्यांत लहान आकाराचा उंचावलेला अंक हेच एक स्वतंत्र अक्षर असते. तयार चिन्हे सोयीची वाटतात, कारण साध्या संदेशातही ती टिकतात. परंतु त्यांचा संच अपुरा आहे. उंचावलेले एक, दोन आणि तीन हे जुन्या संगणकीय वर्णसंचातून आलेले, तर बाकीचे अंक युनिकोडमध्ये वेगळ्या विभागात आहेत. त्यामुळे काही टंकांत दोन आणि चार शेजारी आले, की उंची व जाडी जुळत नाही. शिवाय युनिकोडच्याच एका प्रमाणित रूपांतरात ही चिन्हे साधे अंक बनतात.

देवनागरीची अडचण त्याहून मोठी. देवनागरी घातांकांसाठी युनिकोडमध्ये तयार चिन्हेच नाहीत. अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक २००९ मध्ये युनिकोडमध्ये आले खरे, पण ते सामवेदाच्या स्वरलेखनासाठी. गणितासाठी त्यांचा उपयोग नाही. म्हणून मराठी मजकुरात देवनागरी पायावर इंग्रजी वळणाचा घातांक चिकटवलेला दिसतो. यावर उपाय पहिल्या रीतीचाच. इंग्रजी विकिपीडियाची लेखनशैलीही सर्वसाधारण मजकुरासाठी तयार चिन्हांऐवजी खुणांचाच आग्रह धरते.

तरीही खुणा म्हणजे रामबाण नव्हे, कारण साध्या मजकुरात चिकटवताना त्याही गळून पडतात. म्हणून ऑनलाइन संदर्भलेखनात काही पथ्ये पाळणे इष्ट. एका लेखात एकच रीत असावी. वरच्या परिच्छेदात खूण आणि खालच्या तक्त्यात तयार चिन्ह असे मिश्रण नसावे. सलग मजकुरात शक्य तेथे शब्दच वापरावेत. ‘चौरस किलोमीटर’, ‘घनमीटर’, ‘दीड लाख’ हे मराठी शब्द कोणत्याही पडद्यावर अभंग राहतात. शीर्षकात आणि चित्राच्या वर्णनात तर खुणा बहुधा चालतच नाहीत. तेथे ‘कार्बन डायऑक्साइड’ असे पूर्ण नावच द्यावे. तळटिपेचा क्रमांक चौकटी कंसात ठेवावा, म्हणजे तो खाली उतरला तरी ‘१४,५८,५४५[२]’ असा वेगळा ओळखू येतो. घातांकाला तळटीप कधीही थेट चिकटवू नये. ती वाक्याच्या शेवटी न्यावी. सूत्रे आणि तक्ते यांत मात्र खुणांना पर्याय नाही. तेथे महत्त्वाच्या आकड्याचे मूल्य एकदा अक्षरांतही द्यावे.

प्रकाशनापूर्वीची एक परीक्षा अगदी सोपी आहे. तयार लेखाची नक्कल करून ती साध्या मजकुराच्या खिडकीत चिकटवावी आणि प्रत्येक आकडा पुन्हा वाचावा. जो आकडा तेथे खोटा ठरेल, तो वाचकाच्या हातातही खोटाच पोहोचणार आहे. त्याची दुरुस्ती लेखकाच्या मेजावरच झालेली बरी, कारण पुढे तो आकडा कोणत्या घरात आणि कोणत्या निर्णयासाठी वापरला जाईल, हे लेखकाला कधीच कळत नाही.