बास्केटबॉल : राखीव खेळाडूंची खेळवेळ

बास्केटबॉलच्या सामन्यात प्रारंभी उतरणाऱ्या पाच खेळाडूंखेरीज संघातील इतरांना मैदानावर मिळणारा अवधी म्हणजे राखीव खेळाडूंची खेळवेळ. तिची वाटणी प्रशिक्षक करतो. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड (मॅसॅचूसेट्स) येथे हा खेळ सुरू केला. तेथील आरंभीच्या नियमांनुसार बाहेर गेलेला खेळाडू त्याच सामन्यात परत येऊ शकत नसे. १९२०-२१ पासून एकदा, १९३३-३४ पासून दोनदा व १९४४-४५ पासून कितीही वेळा परतण्याची मुभा मिळाली. त्यामुळे राखीव खेळाडू हा केवळ जखमी खेळाडूचा बदली न राहता डावपेचांचा घटक बनला.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना ४० मिनिटांचा असतो व संघात जास्तीत जास्त १२ खेळाडू असतात. पाच जागांची मिळून २०० मिनिटेच वाटावयाची असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या (एनबीए) ४८ मिनिटांच्या सामन्यात ती २४० होतात. पाच प्रमुख खेळाडू प्रत्येकी ३६ मिनिटे खेळले, तर इतर सर्वांसाठी ६० मिनिटे उरतात. एकास दिलेले मिनिट दुसऱ्याकडून घ्यावे लागते. म्हणून प्रशिक्षक सामान्यतः आठ ते दहा खेळाडूंचाच आलटूनपालटून उपयोग करतात.

निवड करताना बचाव, सरावातील शिस्त, प्रतिस्पर्ध्यांची उंची व गती आणि मैदानावरील इतर चौघांशी जमणारा मेळ यांचा विचार होतो. प्रमुख खेळाडूंना विश्रांती देताना सर्वांना एकदम न काढता एकदोघांना राखीव खेळाडूंसोबत ठेवण्याची पद्धत रूढ आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यात पाचव्या व एनबीएमध्ये सहाव्या वैयक्तिक प्रमादानंतर खेळाडू बाद होतो. त्यामुळे लवकर प्रमाद झालेल्या खेळाडूस बाहेर बसवितात. तथापि, तो बाद झाल्यास जी वेळ गमवावी लागली असती, तीच अशा सावधगिरीने आधी गमावली जाते, हा त्यावरील आक्षेप होय. खेळाडू मैदानावर असताना संघाने मिळविलेल्या व गमावलेल्या गुणांतील फरकही पाहिला जातो; परंतु तो सहकाऱ्यांवर अवलंबून असल्याने थोड्या मिनिटांवरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो.

उत्तम खेळाडूने प्रारंभापासूनच खेळावे, असे नाही. बॉस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड आउरबॅक यांनी प्रथम फ्रँक रॅम्झी व पुढे जॉन हॅवलिचेक यांना ‘सहावा खेळाडू’ म्हणून राखून ठेवले. प्रतिपक्ष थकू लागला असता ताज्या दमाचा, गुण मिळविणारा खेळाडू उतरविणे हा त्यामागील हेतू होता. १९८२-८३ पासून एनबीएमध्ये अशा भूमिकेसाठी स्वतंत्र पारितोषिक दिले जाते. २०१५ च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्स १-२ असा मागे असताना प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी चौथ्या सामन्यात राखीव खेळाडू आंद्रे इग्वादाला यास प्रारंभीच्या पाचांत घेतले. संघाने पुढील तिन्ही सामने जिंकले व इग्वादाला मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

खरी अडचण फारसे न खेळणाऱ्या राखीव खेळाडूंची असते. वेळ मिळाल्याशिवाय कौशल्य सिद्ध होत नाही आणि ते सिद्ध झाल्याशिवाय वेळ मिळत नाही. निकाल निश्चित झाल्यावर मिळालेली अखेरची मिनिटे या दृष्टीने अपुरी पडतात, कारण तेव्हा चुरस संपलेली असते. चुकीबरोबर लगेच बाहेर काढले जाईल, या धास्तीने खेळणाराही आपला स्वाभाविक खेळ करू शकत नाही. म्हणून अनेक प्रशिक्षक प्रत्येकाची भूमिका आधीच स्पष्ट करतात व हंगामाच्या पूर्वार्धात, जेथे पराभवाची किंमत कमी असते, तेथे राखीव खेळाडूंना अर्थपूर्ण वेळ देतात. सॅन अँटोनिओ स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांच्या संघात २०१३-१४ च्या साखळी हंगामात एकाही खेळाडूची सरासरी खेळवेळ ३० मिनिटांपर्यंत पोहोचली नाही. तरीही त्या संघाने ८२ पैकी ६२ सामने जिंकले व पुढे अजिंक्यपदही मिळविले. शालेय व कुमार गटांत खेळाडू घडविणे हा प्रमुख हेतू असल्याने तेथे वेळेची वाटणी अधिक समान ठेवणे इष्ट मानले जाते.