चषक गोल्फचा, धडा हृदयाचा

आरोग्याच्या सदरात गोल्फ कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. आपल्या तालुक्याच्या गावी क्रिकेट, कबड्डी आणि कुस्ती. गोल्फ म्हणजे टीव्हीवर दिसणारा साहेबी खेळ. परंतु या खेळातील एका जागतिक स्पर्धेच्या नावामागे हृदयविकाराची एक हकीकत आहे. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांना मी ती पुष्कळदा सांगतो. आज ती सर्व वाचकांसाठी.

ही स्पर्धा म्हणजे हौशी खेळाडूंची जागतिक सांघिक गोल्फ स्पर्धा. हौशी म्हणजे पैशासाठी न खेळणारे. देशोदेशींचे संघ साधारणपणे दर दोन वर्षांनी एकत्र येतात. (२०२० ची स्पर्धा मात्र कोरोनामुळे रद्द झाली.) स्पर्धा चार दिवस चालते. रोज १८ खड्ड्यांत क्रमाने चेंडू घालायचा आणि ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी, तो जिंकला. पूर्वी संघात चौघे असत व दररोज तिघांचीच उत्तम धावसंख्या, म्हणजे फटक्यांची संख्या, धरली जाई. २००२ पासून संघ तिघांचा झाला आणि दोघांची धरली जाते. विजेत्या पुरुष संघाला आयसेनहॉवर चषक मिळतो. महिलांसाठी १९६४ पासून एस्पिरितो सान्तो चषक आहे.

चषकाला ज्यांचे नाव आहे ते ड्वाइट आयसेनहॉवर हे १९५३ ते १९६१ या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. दुसऱ्या महायुद्धातील मोठे सेनापती आणि गोल्फचे वेडे. पहिली स्पर्धा ऑक्टोबर १९५८ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील जुन्या मैदानावर झाली. २९ देशांचे संघ आले होते. चार दिवसांअखेर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या दोघांचेही ९१८ फटके झाले. म्हणून आणखी एक दिवस खेळ झाला आणि ऑस्ट्रेलियाने २२२ विरुद्ध २२४ असा अवघ्या दोन फटक्यांनी चषक जिंकला.

आता मूळ हकीकत. या स्पर्धेच्या तीनच वर्षे आधी, २३ सप्टेंबर १९५५ रोजी, आयसेनहॉवर डेन्व्हर शहराजवळ चेरी हिल्सच्या मैदानावर गोल्फ खेळत होते. वय ६४. एकेकाळी दिवसाला तीन-चार पाकिटे सिगारेट ओढणारा हा माणूस. सिगारेट १९४९ मध्ये सोडलेली. त्या दिवशी सकाळी १८ आणि दुपारी आणखी ९ खड्डे खेळले. खेळात सारखे सरकारी फोन येत राहिल्याने चिडचिड झाली. दुपारच्या जेवणात हॅम्बर्गर आणि कच्चा कांदा होता. दुपारी छातीत जळजळू लागले, तेव्हा त्यांनी दोष दिला कांद्याला! रात्री दोनच्या सुमारास छातीत जोराची कळ येऊन ते जागे झाले. त्यांचे डॉक्टर धावत आले. सकाळी वार्ताहरांना सांगण्यात आले की राष्ट्राध्यक्षांचे पोट बिघडले आहे. इसीजी काढला गेला तो दुपारी, आणि तो निघाला हृदयविकाराचा मोठा झटका.

वाचकहो, हे वाचून आपल्याला आपल्याच घरातले कोणी आठवले नाही काय? दिमतीला डॉक्टर असलेल्या राष्ट्राध्यक्षाला जर अपचन वाटले, तर आपल्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्याचे काय? असेच एक किराणा दुकानदार सकाळी नऊ वाजता माझ्याकडे आले. कळ रात्री एकलाच सुरू झाली होती. "डॉक्टर, रात्री लग्नात भजी खाल्ली होती, म्हटलं गॅस धरला. सोडा प्यायलो, ओवा चावला, पाठीला तेल चोळून घेतलं," असे ते म्हणाले. अंगाला दरदरून घाम फुटला होता. इसीजीत झटका स्पष्ट दिसत होता. त्यांना ताबडतोब जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. ते वाचले, पण आठ तास वाया गेले होते. हृदयाच्या ज्या स्नायूंना तेवढा वेळ रक्त मिळाले नाही, ते कायमचे निकामी झाले. आज जिना चढताना त्यांना दम लागतो, तो त्या आठ तासांचा.

छातीच्या मध्यभागी दडपण, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे, ती कळ डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, घाम, मळमळ, धाप ही लक्षणे दिसली की गॅस समजून थांबू नये. स्त्रियांत, वृद्धांत आणि मधुमेही रुग्णांत कधीकधी कळ फारशी नसते. नुसता थकवा, धाप किंवा पोटात वरच्या बाजूला दुखणे एवढेच असते. रुग्णाला चालवत किंवा दुचाकीवर नेऊ नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. अॅस्पिरिनची गोळी चावून खायची की नाही, हे त्याच वेळी डॉक्टरांना विचारावे. अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास असणाऱ्याने ती परस्पर घेऊ नये. १९५५ मध्ये डॉक्टरांच्या हाती मॉर्फीन, प्राणवायू, रक्त पातळ ठेवणारे औषध आणि विश्रांती एवढेच होते. आज गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे, अँजिओप्लास्टी आहे. पण या दोन्हींचा खरा उपयोग पहिल्या काही तासांतच होतो. म्हणून इसीजी आधी, सोडा नंतर!

हकीकतीचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या काळी झटका आला की रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर खिळवून ठेवण्याची पद्धत होती. आयसेनहॉवर यांच्यासाठी बोस्टनहून डॉ. पॉल डडली व्हाइट या नामवंत हृदयरोगतज्ज्ञांना बोलावले गेले. डॉ. व्हाइट स्वतः भरपूर चालत, सायकल चालवत. त्यांनी वार्ताहरांपुढे हृदयाचा झटका म्हणजे काय ते सोप्या भाषेत समजावून सांगितले. राष्ट्राध्यक्षांना शौचास साफ झाल्याचेही सांगून टाकले! झटक्यानंतर माणूस पुन्हा कामाला लागू शकतो, हे त्यांचे ठाम मत होते. रुग्णाला आधी खुर्चीत बसवले, मग हळूहळू चालवले. सात आठवड्यांनी रुग्णालयातून सुटी मिळाली. फेब्रुवारी १९५६ मध्ये आयसेनहॉवर पुन्हा गोल्फच्या मैदानावर होते, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला त्यांनी दुसऱ्यांदा निवडणूक लढवण्याचे जाहीर केले.

दुखणी संपली नव्हती. १९५६ मध्ये आतड्याची शस्त्रक्रिया, १९५७ मध्ये अर्धांगाचा सौम्य झटका, पुढे हृदयाचे आणखी झटके. तरी फेब्रुवारी १९६८ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांनी एकाच फटक्यात चेंडू खड्ड्यात घातला. १९६९ मध्ये ते वारले. पहिल्या झटक्यानंतर साडेतेरा वर्षे लाभली, आणि तीही अंथरुणात पडून नव्हे.

आपल्याकडे काय होते? वडिलांना झटका येतो, अँजिओप्लास्टी होते, मुले घरी आणतात आणि म्हणतात, "दादा, आता तुम्ही जागचं हलायचं नाही." पाण्याचा तांब्यासुद्धा हातात दिला जातो. यामागे प्रेम असते, पण अपाय होतो. स्नायू झिजतात, वजन आणि साखर वाढते, मन खचते. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली की आधी घरात, मग अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, असे टप्प्याटप्प्याने चालणे वाढवावे. चालताना बोलता आले पाहिजे; बोलताना धाप लागली तर वेग कमी करावा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबून डॉक्टरांना कळवावे.

गोल्फमध्ये तब्येतीच्या दृष्टीने मोलाचे ते चालणेच. १८ खड्डे पायी पुरे करताना सात-आठ किलोमीटर सहज होतात. त्यासाठी गोल्फचे मैदान लागत नाही. शाळेचे पटांगण, नदीकाठचा रस्ता पुरेसा आहे. निरोगी माणसाने आठवड्याचे पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालावे. या स्पर्धेत रोज एका खेळाडूची वाईट धावसंख्या सोडून देतात, तसे आपणही करावे. एखादा दिवस चुकला तर तो सोडून द्यावा, पण दुसऱ्या दिवशी चप्पल घालून बाहेर पडावे.

ज्यांना चालणेच शक्य नाही, त्यांच्यासाठीही या स्पर्धेत एक उदाहरण आहे. पहिल्या स्पर्धेत अमेरिकी संघाचे न खेळणारे कर्णधार होते बॉबी जोन्स, एकेकाळचे जगज्जेते. मज्जारज्जूच्या असाध्य विकाराने त्यांचे पाय निकामी होत चालले होते. ते छोट्या गाडीत बसून मैदानावर फिरत आणि संघाला सल्ला देत. शरीर साथ देत नसले तरी माणसांत राहावे, हेही औषधच आहे.

ज्यांच्या घरात चाळिशीपुढची माणसे आहेत, त्यांनी आज दोन गोष्टी कराव्यात. गावात रात्रीअपरात्री इसीजी कुठे निघतो याची चौकशी करून ठेवावी आणि तो पत्ता १०८ या क्रमांकासह भिंतीवर लिहावा. आणि घरात झटक्यातून उठलेले कोणी असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून उद्या सकाळी त्यांच्याबरोबर दहा पावले चालावे.